ळ कुठे बसवायचा, हे कोणी ठरवायचे? : वेब ॲप्लिकेशनमधील कॉन्फिगरेशन आणि हेल्पर क्लास

मराठीच्या अभ्यासकाने संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये किती लक्ष घालावे, याविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते ऐकू येतात. 'ते त्यांचे काम, आपण मजकूर द्यावा आणि बाजूला व्हावे', हे एक मत. 'आता प्रत्येकाने प्रोग्रॅमिंग शिकलेच पाहिजे', हे दुसरे. प्रस्तुत लेखात मी या दोहोंमधली वाट सुचवणार आहे. आपल्याला प्रोग्रॅम लिहिता आला नाही तरी चालेल. पण भाषेविषयीचे निर्णय प्रोग्रॅममध्ये ज्या ठिकाणी नोंदलेले असतात, ते ठिकाण आपल्याला ओळखता आणि वाचता आले पाहिजे. त्या ठिकाणाला कॉन्फिगरेशन म्हणतात. तिथले निर्णय प्रोग्रॅमच्या आतल्या लहान घटकांपर्यंत, म्हणजे हेल्पर क्लासपर्यंत, कोणत्या वाटेने पोचतात यावर ते पाळले जातात की नाही, हे ठरते.

मी गोव्यातील एका महाविद्यालयात मराठी शिकवते. आमच्या ग्रंथालयात जुन्या मराठी नियतकालिकांचे बरेच अंक आहेत. त्यांतील लेखांची सूची वेबवर आणण्याचे काम मराठी आणि संगणक या दोन विभागांच्या विद्यार्थ्यांनी मिळून हाती घेतले. या लेखातील उदाहरणे त्याच कामातली आहेत. प्रोग्रॅम जावा या भाषेत आहे. तथापि येथे मांडलेले तत्त्व इतर प्रोग्रॅमिंग भाषांनाही लागू पडते.

क्लास, हेल्पर क्लास आणि कॉन्फिगरेशन

जावासारख्या भाषेत प्रोग्रॅम हा अनेक क्लासांचा बनलेला असतो. क्लास म्हणजे एका प्रकारच्या वस्तूचा साचा : तिच्यापाशी कोणती माहिती असेल आणि तिला कोणती कामे करता येतील, याचे वर्णन. वाचकाची मागणी घेणारा, उत्तराचे पान तयार करणारा असे मुख्य क्लास असतात. त्यांना किरकोळ पण पुन्हा पुन्हा लागणारी कामे करून देणारे जे क्लास, ते हेल्पर क्लास, म्हणजे मदतनीस. शब्द अनुक्रमाने लावून देणे, शोधशब्द स्वच्छ करून देणे, आकडे लिहून देणे, अशी ही कामे असतात.

कॉन्फिगरेशन म्हणजे प्रोग्रॅमच्या बाहेर लिहून ठेवलेल्या नोंदी. माहितीसाठा कोणत्या यंत्रावर आहे, एका पानावर किती नोंदी दाखवायच्या, आकडे कोणत्या लिपीत लिहायचे अशा बाबी त्यात येतात. प्रत्येक नोंदीला एक नाव आणि एक मूल्य असते. या जोडीला प्रॉपर्टी म्हणतात. मूल्य बदलायचे झाले तर प्रोग्रॅमला हात लावावा लागत नाही.

छापखान्याशी ज्यांचा संबंध आला आहे, त्यांना हे नाते लगेच ध्यानात येईल. मुद्रितशोधक हा मदतनीस. प्रकाशनसंस्थेची लेखनविषयक नियमावली हे कॉन्फिगरेशन. संपादकाने नियमावली हाती दिली, तर सगळे मुद्रितशोधक एकाच पद्धतीने काम करतात. ती दिली नाही, तर प्रत्येक जण आपल्या शाळेत शिकलेले शुद्धलेखन चालवतो आणि एकाच पुस्तकात एकच शब्द तीन तऱ्हांनी छापला जातो. यात मुद्रितशोधकाला दोष देता येत नाही, कारण नियम काय आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते.

तीन मदतनीस, तीन निर्णय

आमच्या सूचीला तीन मदतनीस लागले. प्रत्येकाचे काम वरवर यांत्रिक दिसते. प्रत्यक्षात प्रत्येकाच्या पोटात भाषेचा एकेक निर्णय दडलेला आहे.

पहिला मदतनीस अनुक्रम लावणारा. संगणकाला काहीच सांगितले नाही, तर तो अक्षरांच्या युनिकोड क्रमांकांनुसार शब्द लावतो. युनिकोडमध्ये ल चा क्रमांक ०९३२, ळ चा ०९३३ आणि व चा ०९३५ आहे. त्यामुळे 'कल, कळ, कवच, कस, कहर' असा क्रम लागतो. आपल्या वर्णमालेत मात्र ळ हा ह च्या नंतर येतो. त्या हिशेबाने क्रम 'कल, कवच, कस, कहर, कळ' असा हवा. क्ष आणि ज्ञ यांचेही तसेच आहे. युनिकोडमध्ये क्ष हे स्वतंत्र अक्षर नाही. क, हलन्त आणि ष असे तीन भाग जोडून ते बनते. म्हणून 'क्षमा' हा शब्द क च्या रांगेत अगदी शेवटी, ख च्या आधी जाऊन बसतो. संस्कृत कोशांची रीत अशीच आहे. मराठी वर्णमालेची रीत क्ष आणि ज्ञ अखेरीस ठेवण्याची आहे. दोन्ही रीतींना आधार आहे. पण आपल्या सूचीत कोणती चालवायची, हे कोणीतरी ठरवायला हवे.

दुसरा मदतनीस शोधशब्द तपासणारा. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ साली आले आणि १९७२ साली त्यांत भर पडली. त्याआधीच्या अंकांत 'कांहीं', 'नांव' असे लेखन सर्रास आढळते. आज शोध घेणारी विद्यार्थिनी 'काही' आणि 'नाव' लिहिणार. तिला जुना लेख सापडावा की नाही? सापडावा असे म्हटले, तर शोधताना अनुस्वाराकडे दुर्लक्ष करावे लागेल. पण सगळेच अनुस्वार वगळले, तर 'वंश' आणि 'वश' एक होतात. म्हणजे येथे तीन पर्याय उभे राहतात : अनुस्वार जसाच्या तसा पाहणे, सगळे अनुस्वार वगळणे, किंवा ठरवलेल्या शब्दयादीपुरतेच वगळणे.

याच मदतनिसाच्या वाट्याला आणखी एक काम येते. 'दुसऱ्या' हा शब्द पडद्यावर एकच दिसतो, पण संगणकात तो दोन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो : ०९३१ क्रमांकाचा ऱ वापरून, किंवा साधा र, हलन्त आणि त्यापुढे न दिसणारे एक जोडचिन्ह वापरून. 'ॲ' या अक्षराचेही तसेच. त्याला ०९७२ हा स्वतंत्र क्रमांक युनिकोडच्या ५.१ या आवृत्तीत, २००८ साली मिळाला. त्याआधी टंकलेला मजकूर अ ला वर चंद्र जोडून लिहिलेला आढळतो. युनिकोडचे नेहमीचे प्रमाणीकरण या जोड्यांना एक मानत नाही. त्यांना एक मानायचे असेल, तर तसे आपल्यालाच सांगावे लागते.

तिसरा मदतनीस आकडे लिहिणारा. जावाच्या ९ व्या आवृत्तीपासून भाषाविषयक माहितीचा जो सामायिक साठा वापरला जातो, त्यात मराठीसाठी देवनागरी अंक आणि हिंदीसाठी आंतरराष्ट्रीय अंक गृहीत धरलेले आहेत. म्हणजे लिपी एक असली, तरी 'मराठी' म्हटले की एक उत्तर येते आणि 'हिंदी' म्हटले की दुसरे. जावाचा मूळचा आकडे लिहिणारा घटक शेवटच्या तीन अंकांनंतरही तीन-तीनांचेच गट पाडतो. १२,३४,५६७ ही आपली मांडणी त्याला ठाऊक नाही, तो १,२३४,५६७ असे लिहितो. एवढेच कशाला, प्रकाशनवर्षही संख्या समजून त्याच्याकडे दिले, तर तो '१,९३६' असा स्वल्पविराम घालून परत करील. उलट, माहितीसाठ्याला पाठवायच्या आज्ञेत देवनागरी अंक गेले, तर ती आज्ञा फसते. तेव्हा वाचकाच्या डोळ्यांसाठी लिहिलेला अंक आणि यंत्रासाठी लिहिलेला अंक, यांतला फरक या मदतनिसाला सांगावाच लागतो.

नोंदींची फाइल

हे सगळे निर्णय आम्ही एका फाइलमध्ये आणले. जावात अशा फाइलला प्रॉपर्टीज फाइल म्हणतात. तिची रचना फार सोपी आहे : डावीकडे नाव, मध्ये बरोबरचे चिन्ह, उजवीकडे मूल्य. प्रत्यक्षात डावीकडची नावे रोमन अक्षरांत आहेत; ती येथे मराठीत देते.

सूची.भाषा = मराठी
अनुक्रम.नियम = & ह < ळ < क्ष < ज्ञ
शोध.अनुस्वार = यादीपुरता
शोध.ऱ.एकरूप = होय
आकडे.वाचकासाठी = देवनागरी
आकडे.वर्षात.स्वल्पविराम = नाही

दुसरी ओळ पाहावी. जावात अनुक्रम लावणारा एक तयार क्लास आहे. त्याला असा नियम अक्षरांच्या रूपात देता येतो. 'ह नंतर ळ, मग क्ष, मग ज्ञ' एवढाच त्या ओळीचा अर्थ. ती वाचायला प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही, मराठी यावे लागते. उद्या अनुक्रम संस्कृत कोशाच्या रीतीने लावायचा असे ठरले, तर हीच ओळ बदलायची.

फाइल तयार झाली. आता खरा प्रश्न : अनुक्रम लावणाऱ्या मदतनिसाला ही ओळ मिळणार कशी?

चार वाटा

पहिली वाट म्हणजे नियम मदतनिसाच्या पोटातच लिहून टाकणे. यात फाइलचा प्रश्नच उरत नाही. पण मग निर्णय दिसेनासा होतो. पुढच्या वर्षी नवे विद्यार्थी येतात, दुसरा मदतनीस लिहितात आणि त्याच्या पोटात वेगळा नियम जातो. लेखकांची यादी एका क्रमाने आणि लेखांची यादी दुसऱ्या क्रमाने लागते. वाचक गोंधळतो, आणि दोष कुठे आहे हे शोधण्यासाठी शेकडो ओळी धुंडाळाव्या लागतात.

दुसरी वाट म्हणजे प्रत्येक मदतनिसाने फाइल स्वतः उघडून वाचणे. ही वाट विद्यार्थ्यांना जवळची वाटते. पण मग फाइल कुठे आहे, हे प्रत्येकाला ठाऊक असावे लागते. विद्यार्थ्याच्या यंत्रावर ती ज्या जागी असते, त्या जागी सर्व्हरवर नसते. तिथे सगळे ॲप्लिकेशन एका गाठोड्यात बांधून ठेवलेले असते आणि घरी चाललेला पत्ता तिथे चालत नाही. अशा वेळी अनेक जण एक पळवाट योजतात : नोंद सापडली नाही, तर एखादे राखीव मूल्य वापर, असे सांगून ठेवतात. प्रोग्रॅम मग तक्रार करीत नाही. तो निमूटपणे राखीव मूल्यावर चालतो. ते मूल्य बहुधा सर्व्हर ज्या भाषेसाठी बसवलेला असतो, त्या भाषेचे असते. आणि भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर ती भाषा क्वचितच मराठी असते. मराठी सूचीत इंग्रजी किंवा हिंदी रीत शिरते ती अनेकदा या दाराने. कोणी ती मुद्दाम आणलेली नसते. मराठीसाठी नोंद असूनही ती मदतनिसापर्यंत पोचलेली नसते, इतकेच.

तिसरी वाट म्हणजे सगळ्या नोंदी एकदाच वाचून एका सार्वजनिक कोठारात ठेवणे. ज्याला हवे त्याने तिथून उचलावे. जावात 'स्टॅटिक' म्हणून ज्या जागा असतात, त्यांचा असा उपयोग करतात. फाइल एकदाच वाचली जाते, हा लाभ खरा. पण मदतनिसाकडे बाहेरून पाहून त्याला काय लागते, हे कळत नाही. त्यासाठी त्याच्या पोटात शिरावे लागते. शिवाय कोठार भरण्याआधीच एखादा मदतनीस कामाला लागला, तर त्याच्या हाती काहीच येत नाही. आणि मदतनिसाची वेगळी चाचणी घ्यायची म्हटली, तरी सगळे कोठार मांडून ठेवावे लागते.

चौथी वाट म्हणजे मदतनीस तयार करतानाच त्याला लागणारी नोंद त्याच्या हाती देणे. प्रोग्रॅम सुरू होताना एकच क्लास फाइल वाचतो, नोंदी तपासतो आणि मग मदतनीस घडवतो. मराठीत वाचले, तर ती ओळ अशी होईल :

अनुक्रमक = नवा अनुक्रमक ( नोंदी मधून "अनुक्रम.नियम" )

येथे अनुक्रमकाला फाइल कुठे आहे, हे ठाऊक नाही. तशी फाइल आहे की नाही, हेही ठाऊक नाही. नियम मिळाला, त्याने शब्द लावले. या पद्धतीला 'डिपेन्डन्सी इंजेक्शन' असे भारदस्त नाव आहे. मार्टिन फाउलर यांनी २००४ साली लिहिलेल्या एका लेखामुळे ते रूढ झाले. अर्थ साधा आहे : ज्यावर आपले काम अवलंबून आहे, ते शोधत फिरू नये, ते बाहेरून पुरवले जावे. चांगला संपादक मुद्रितशोधकाच्या टेबलावर नियमावली ठेवतो. 'कपाटात कुठेतरी असेल, बघून घ्या' असे म्हणत नाही.

या वाटेचा एक लाभ आम्हांला लगेच मिळाला. वेबवरच्या सूचीखेरीज तिची छापील पुस्तिकाही काढायची होती. त्यासाठी एक वेगळा लहान प्रोग्रॅम लागला. त्याचा वेब सर्व्हरशी काहीच संबंध नव्हता, तरी त्याने तोच अनुक्रमक वापरला. मदतनिसाला नोंदी सर्व्हरकडून मागायची सवय लावली असती, तर पुस्तिकेसाठी तो निरुपयोगी ठरला असता. जुन्या पद्धतीच्या ॲप्लिकेशनमध्ये हा प्रसंग नेहमी येतो. तिथे नोंदी 'वेब डॉट एक्सएमएल' या फाइलमध्ये असतात आणि त्या सर्व्हरच्या 'सर्व्हलेट कॉन्टेक्स्ट' या वस्तूकडे मागाव्या लागतात. ही वस्तू मुख्य क्लासांच्या हाताशी असते, मदतनिसांच्या नसते. तेव्हा ती आख्खी वस्तूच मदतनिसाकडे सोपवण्याचा मोह होतो. तो टाळावा. मुख्य क्लासाने हवी ती नोंद काढून घ्यावी आणि तेवढीच पुढे द्यावी.

तेवढीच द्यावी, हे महत्त्वाचे आहे. नोंदींच्या फाइलमध्ये इतर बाबीही असतात. शब्दांचा क्रम लावणाऱ्याला माहितीसाठ्याचा पत्ता कळायचे कारण नाही. पासवर्ड तर या फाइलमध्ये लिहूच नये. तो सर्व्हरच्या परिसरात, एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणून वेगळा ठेवावा, म्हणजे भाषाविषयक फाइल कोणालाही दाखवता येते.

स्प्रिंग वापरणाऱ्यांसाठी एक सूचना

आपल्या महाविद्यालयांत जावासोबत बहुधा स्प्रिंग ही चौकट शिकवली जाते. ती वर सांगितलेले पुरवठ्याचे काम स्वतः करते. क्लासमधील एखाद्या जागेवर 'ॲट व्हॅल्यू' ही खूण करून नोंदीचे नाव लिहिले की स्प्रिंग तिथे मूल्य आणून ठेवते. तरीही 'खूण केली आहे, पण जागा रिकामीच राहते', ही तक्रार विद्यार्थ्यांकडून हमखास येते. तिची कारणे बहुतेक वेळा दोन असतात. स्प्रिंग स्वतः घडवलेल्या वस्तूंनाच नोंदी पुरवते. मदतनीस आपण 'न्यू' हा शब्द वापरून हाताने घडवला असेल, तर स्प्रिंगला त्याचा पत्ताच नसतो. दुसरे कारण असे की स्टॅटिक जागेवर केलेली खूण स्प्रिंग मानत नाही. दोन्हींवर उपाय एकच : मदतनीस स्प्रिंगकडून घडवून घ्यावा आणि ती खूण आतल्या जागेवर करण्याऐवजी मदतनीस घडवताना द्यायच्या मूल्यांवर करावी. मग नोंद नसेल, तर ॲप्लिकेशन सुरूच होत नाही आणि कोणती नोंद नाही ते सांगते. निमूटपणे चुकीच्या क्रमाने चालण्यापेक्षा सुरू होण्यास नकार देणे केव्हाही बरे.

मराठी अक्षरे फाइलमधून नीट बाहेर येतात का?

वाट बरोबर निवडली, तरी मराठीपुढे आणखी एक अडसर असतो. जावाच्या प्रॉपर्टीज फाइलची कल्पना पहिल्या आवृत्तीपासूनची आहे आणि तिने पश्चिम युरोपातील भाषांची अक्षरमालिका गृहीत धरली होती. मराठी अक्षर लिहायचे तर उलटी तिरकी रेघ, रोमन यू आणि चार स्थानांचा क्रमांक असे लिहावे लागे. म्हणजे ळ साठी रेघ, यू आणि ०९३३. अशी फाइल कोणत्या मराठीच्या शिक्षकाने वाचायची? मजकूर या रूपात आणून देणारे एक साधन जावासोबत मिळत असे. जावाच्या ९ व्या आवृत्तीत, २०१७ साली, ते काढून टाकण्यात आले. त्याच आवृत्तीपासून पानावरच्या मजकुराच्या भाषानिहाय फाइली थेट यूटीएफ-८ या संकेतपद्धतीत वाचल्या जाऊ लागल्या.

पण येथे एक मेख आहे. ही सोय भाषानिहाय मजकुराच्या फाइलींसाठी आहे. साधी प्रॉपर्टीज फाइल बाइटांच्या प्रवाहातून वाचली, तर जावा अजूनही जुनीच अक्षरमालिका धरते. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक अक्षरचिन्ह तीन बाइट घेते. ते तीन बाइट तीन वेगवेगळी अक्षरे समजून वाचले जातात. मग 'मराठी' या शब्दाच्या जागी डोक्यावर तिरकी खूण असलेला रोमन ए, चलनाचे चिन्ह, मध्येच जपानी येनचे चिन्ह, अशी रांग दिसते. ती दिसली की मजकूर बिघडला असे समजू नये. फाइल शाबूत असते, वाचणाऱ्याने चष्मा चुकीचा लावलेला असतो. जावाच्या ६ व्या आवृत्तीपासून, २००६ सालापासून, फाइल कोणत्या पद्धतीने वाचायची हे सांगून ती उघडता येते. तसे उघडताना यूटीएफ-८ असे स्पष्ट लिहावे. २०२२ सालच्या १८ व्या आवृत्तीने यूटीएफ-८ ही सर्वसाधारण पद्धत मानली असली, तरी वर सांगितलेल्या जुन्या गृहीतकात त्याने फरक पडत नाही.

फाइल एकाच क्लासाने वाचायची, या नियमाचा फायदा येथेही दिसतो. चष्मा एकदाच आणि एकाच ठिकाणी तपासावा लागतो. दहा मदतनीस दहा ठिकाणी फाइल उघडत असतील, तर त्यांतला एक तरी चुकणारच. आणि तो अनुक्रमाचा असेल, तर 'ह < ळ' या नियमातले ळ त्याला दिसणारही नाही.

सगळ्यांसाठी एक, प्रत्येकासाठी वेगळे

गोव्यातल्या वाचकांसाठी एक मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. १९८७ च्या राजभाषा कायद्याने येथे कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापराचीही तरतूद झाली. येथल्या बऱ्याच कामांत दोन्ही भाषा शेजारी शेजारी असतात आणि दोन्ही देवनागरीत असतात. आमच्या सूचीची शीर्षके आणि सूचनाही वाचकाला मराठीत किंवा कोंकणीत पाहता येतात.

आता ही निवड कुठे ठेवायची? सूचीची भाषा आणि अनुक्रम ही सगळ्या ॲप्लिकेशनची नोंद. ती सुरुवातीला वाचावी आणि पुढे बदलू नये. पानावरची शीर्षके कोणत्या भाषेत हवीत, ही मात्र त्या त्या वाचकाची निवड. ती मदतनिसाच्या स्टॅटिक जागेत ठेवली, तर अनर्थ होतो. वेब सर्व्हर एकाच वेळी अनेक वाचकांची कामे करीत असतो आणि स्टॅटिक जागा सगळ्यांत मिळून एकच असते. म्हापशाच्या वाचकाने मराठी निवडली आणि त्याच क्षणी मडगावच्या वाचकाने कोंकणी निवडली, तर पहिल्याच्या पानावर दुसऱ्याची भाषा उमटू शकते. अशा तांत्रिक घोटाळ्याचा आपल्याकडे कोणता अर्थ लावला जाईल, हे येथे सांगायला नको. म्हणून नियम असा : जे सगळ्यांसाठी एक आहे, ते मदतनीस घडवताना द्यावे, जे प्रत्येक वाचकासाठी वेगळे आहे, ते त्या त्या वेळी काम सांगताना सोबत द्यावे.

वडोदरा, इंदूर, बेळगाव किंवा हैदराबाद येथील मराठी संस्थांना दुसरी भाषा वेगळी असेल, पण प्रश्न हाच येईल. विशेषतः जिथे शेजारची भाषा हिंदी आहे, तिथे तो सहज नजरेआड होतो, कारण चुकून हिंदीची रीत लागली तरी पान देवनागरीतच दिसते. आकड्यांची लिपी आणि ळ ची जागा नीट पाहिल्याशिवाय ते लक्षात येत नाही. ल आणि श यांची वळणे हीदेखील एक खूण आहे. काही फाँटांत मराठी आणि हिंदी अशी दोन्ही वळणे असतात; पानावर 'भाषा मराठी' अशी नोंद केलेली असेल, तरच मराठी वळण उमटते.

आपण काय विचारावे

आपल्या संस्थेसाठी कोणी कोश, सूची किंवा वाङ्मयाचा संग्रह वेबवर उभारून देत असेल, तर मराठीच्या माणसाने पुढील गोष्टी विचाराव्यात. भाषाविषयक सगळे निर्णय एका फाइलमध्ये आहेत का, आणि ती आम्हांला वाचायला मिळेल का? त्यातली मराठी अक्षरे मराठीच दिसतात का? एखादी नोंद काढून टाकली, तर ॲप्लिकेशन थांबते की निमूटपणे दुसऱ्याच रीतीने चालते? मदतनिसांना या नोंदी दिल्या जातात की ते आपापल्या परीने शोधतात? 'कल, कळ, कवच, कहर, क्षमा' हे शब्द कोणत्या क्रमाने लागतात, हे आमच्यासमोर दाखवाल का?

शेवटची चाचणी दोन मिनिटांची आहे आणि ती घ्यायला प्रोग्रॅमिंग लागत नाही. उत्तर चुकले, तर निदान कोणती ओळ बदलायची हे तरी कळेल. आणि बदलायला अशी ओळच नसेल, तर काम स्वीकारण्यापूर्वी ती लिहून मागता येईल.

आमच्या विभागात आता ही फाइल बदलायची झाली, तर मराठीच्या एका अध्यापकाने ती वाचून संमती द्यावी लागते. फाइल फार मोठी नाही, तिच्या ओळी मोजक्या आहेत. अनुस्वाराच्या ओळीवर आमच्यांत अजून एकमत झालेले नाही. शब्दयादीत कोणते शब्द घ्यावेत, यावर दर सत्रात एक बैठक होते, वाद होतो, दोन-चार शब्द वाढतात. तो वाद बैठकीत होतो आणि त्याचा निकाल फाइलमध्ये सर्वांना दिसतो, याचेच मला समाधान आहे.